जुन्या टर्बो गाडीचं कार्बन क्लीनिंग: आधी काय तपासायचं, मग काय उघडायचं, आणि पिकअप खरंच परत येतो का

गाडी ओढत नाही, घाटात दम टाकते, मागून काळा धूर मारते, म्हणून माणूस सर्व्हिसला जातो, काउंटरवर डीकार्बनायझेशनचं पॅकेज गळ्यात पडतं, मशीन लावून तासाभरात गाडी परत मिळते, दोन दिवस हलकी वाटते आणि आठवड्याभरात ये रे माझ्या मागल्या. मग एकतर "कार्बन क्लीनिंग म्हणजे सगळं थोतांड" किंवा "त्यांनी नीट केलं नाही, दुसरीकडे परत करू" यातलं एक काहीतरी ठरतं. दोन्ही चूक आहे. कार्बन असतो, पॉवर खातो, पण तो जिथे साचतो तिथे ते मशीन पोचतच नाही, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये तर पॉवर कार्बनने गेलेलीच नसते, शंभर-दोनशे रुपयांच्या सैल क्लॅम्पने नाहीतर फाटलेल्या होजने गेलेली असते.

तर उत्तर आधीच देतो. कार्बनने जेवढं अडवलंय तेवढंच साफ केल्यावर परत मिळतं. ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेला वायू परत इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकलेला असेल, मॅनिफोल्डची (हवा सिलेंडरांकडे नेणाऱ्या वाटांची) वाट अर्धी बुजली असेल, टर्बोच्या (इंजिनात दाबाने जास्त हवा भरणाऱ्या भागाच्या) पात्या काजळीने जाम असतील, तर फरक पहिल्याच चढावर कळतो. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील, इंजेक्टर गेले असतील, क्लच घसरत असेल तर कितीही घासा, काही होणार नाही. म्हणून सगळा खेळ क्रमाचा आहे आणि लोक नेमका तोच उलटा करतात.

मुख्यतः बीएस३-बीएस४ (धुराचे जुने सरकारी नियम) काळातल्या टर्बो डिझेलबद्दल लिहितोय: स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, विस्टामधलं १२४८ सीसीचं १.३, स्कॉर्पिओचं २.२ एमहॉक, वर्नाचं सीआरडीआय, पोलो-रॅपिडचं टीडीआय अशा गाड्या. टर्बो पेट्रोलवाल्यांसाठी शेवटी वेगळा भाग आहे, कारण तिथे कार्बन वेगळ्याच जागी बसतो.

## टप्पा १: आधीचे आकडे लिहून ठेवा

हा टप्पा सगळे गाळतात आणि म्हणूनच नंतर "फरक वाटतोय" आणि "फरक वाटत नाही" यावर घरात वाद चालतो. वाटण्यावर जायचं नाही. पैसे खर्च केले की गाडी हलकी वाटतेच.

काय मोजायचं:

१. ओळखीचा, सपाट, रिकामा रस्ता निवडा. चौथ्या गियरमध्ये ५० पासून ९० पर्यंत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन किती सेकंद लागतात ते बघा. शेजारी बसलेल्याने मोबाईलवर मीटरचा व्हिडिओ काढायचा, सेकंद नंतर घरी बसून मोजायचे. एसी बंद, माणसं तेवढीच, टायरची हवा सारखी, आणि जाताना एकदा येताना एकदा, कारण वारा आणि बारीकसा उतारसुद्धा आकडा बदलतो.

२. टाकी फुल ते टाकी फुल अ‍ॅव्हरेज. डॅशबोर्डवरचं नको.

३. पीयूसीचा कागद. डिझेलच्या पीयूसीत रेस देऊन धुराची घनता मोजतात, रिपोर्टवर के-व्हॅल्यू किंवा एचएसयू लिहिलेलं असतं, जुना कागद फेकू नका. अर्थात सेंटरवाल्याने नळी सायलेन्सरमध्ये खरोखर घातली असेल तरच त्या आकड्याला अर्थ आहे.

४. स्कॅनर लावून एरर कोड वाचा आणि लिहून ठेवा, लगेच पुसू नका. पी०२९९ म्हणजे टर्बोचं प्रेशर कमी पडतंय, पी०४०१ म्हणजे ईजीआरमधून वायू कमी जातोय, पी०४०२ म्हणजे जास्त जातोय, पी०१०१ म्हणजे हवा मोजणाऱ्या एमएएफ सेन्सरचं गणित जुळत नाहीये. हे कोड पुढे कुठे बघायचं ते सांगतात, कुठला पार्ट बदलायचा ते सांगत नाहीत. पी०२९९ आला म्हणून टर्बोच बदलायला निघालेले लोक कमी नाहीत.

५. त्याच स्कॅनरवर तीन आकडे लाइव्ह बघा: एमएपी, म्हणजे मॅनिफोल्डमधलं प्रेशर, कूलंटचं तापमान, आणि चालत्या गाडीत इंजिनच्या कॉम्प्युटरने मागितलेलं बूस्ट, म्हणजे टर्बोचं प्रेशर, विरुद्ध मिळालेलं बूस्ट. स्वस्तातल्या ब्लूटूथ स्कॅनरवर मागितलेलं बूस्ट बऱ्याचदा दिसत नाही, तेवढ्यापुरतं गॅरेजवाल्याचं चांगलं मशीन लावून घ्या.

तपासणी: चावी ऑन करा पण इंजिन चालू करू नका, आणि एमएपीचा आकडा बघा. तो बाहेरच्या हवेच्या दाबाइतका यायला हवा. मुंबईत साधारण १०० किलोपास्कल, पुण्यात ९५ च्या आसपास, महाबळेश्वरला ८६ च्या जवळ. पुण्यात उभी गाडी ११० किंवा ८० दाखवत असेल तर सेन्सरच काजळीने माखलाय किंवा बिघडलाय, आणि मग पुढचा प्रत्येक आकडा खोटा.

## टप्पा २: कार्बन सोडून बाकी संशयित निकालात काढा

इथे घाई करू नका. माझ्या मते अर्ध्या गाड्या याच टप्प्यावर सुटतात आणि कार्बनपर्यंत जायची वेळच येत नाही.

एअर फिल्टर आणि डिझेल फिल्टर. बघायला पाच मिनिटं. डिझेल फिल्टर कधी बदलला हे आठवत नसेल तर बदला, आणि खालचं पाणी काढा.

इंटरकूलरचे होज. टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोतली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंत जे जाड रबरी पाइप जातात ते. यातली चीर बहुतेक वेळा खालच्या बाजूला किंवा जिथे पाइप कशाला तरी घासतो तिथे असते, वरून बघून दिसत नाही, आणि गाडी उभी असताना बंदच असते, बूस्ट आल्यावर तोंड उघडते. म्हणून नुसतं बघायचं नाही, इंजिन थंड असताना पाइप हाताने दाबायचा, पिळायचा, बोट खालून फिरवायचं. जोडाखाली तेलाचा ओला, धूळ चिकटलेला पट्टा दिसला की तिथून हवा जातेय असं समजा. पाइपच्या आत तेलाचा हलका थर असणं मात्र नॉर्मल आहे, ते बघून टर्बो गेला असं कोणी सांगितलं तर लगेच हो म्हणू नका. खात्री करायची असेल तर गॅरेजमध्ये इनटेक बंद करून हलक्या प्रेशरची हवा सोडून वरून साबणाचं पाणी मारतात, बुडबुडे दिसतात.

व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या. टर्बोच्या अ‍ॅक्च्युएटरकडे (टर्बोचं प्रेशर कमी-जास्त करणाऱ्या भागाकडे) जाणारी पेन्सिलपेक्षा बारीक नळी कडक होऊन तडकते. किंमत किरकोळ, पण ती फुटली की गाडी सरळ लिम्प मोडमध्ये, म्हणजे बचावासाठी स्वतःहून पॉवर कापते.

थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटचं तापमान सांभाळणारी झडप. हायवेवर अर्धा तास चालवूनही कूलंट ८० अंशांच्या खालीच घुटमळत असेल तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. इंजिन कायम थंड चालतं, जळण नीट होत नाही, काजळी वाढते. हे न बदलता मॅनिफोल्ड साफ केलात तर तीच घाण परत साठवायची सोय करून ठेवलीत.

क्लच आणि ब्रेक. आरपीएम चढतो पण स्पीड चढत नाही म्हणजे क्लच. थोडं चालवून थांबल्यावर एकच चाक जास्त गरम लागत असेल तर ब्रेक धरतोय. ऐकायला हास्यास्पद वाटेल, पण या दोन कारणांसाठी कार्बन क्लीनिंग केलेल्या गाड्या असतात.

इंजिनची तब्येत. इंजिन चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करून नुसतं वर ठेवा. थोडं थरथरलं तर ठीक, पण झाकण उडत असेल, भकाभक वाफ येत असेल तर रिंगांमधून वायू खाली येतोय. अशा गाडीत आधी कम्प्रेशन टेस्ट. इंजिन आतूनच थकलं असेल तर कार्बन काढून पॉवर येत नाही आणि काढलेला कार्बन काही महिन्यांत परत जमतो, कारण तेलाची वाफ पुरवठा करतच राहते.

इशारा: निळसर धूर म्हणजे तेल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर येत असेल तर न जळलेलं डिझेल किंवा कूलंट. या दोन्हीवर कार्बन क्लीनिंग हा उपाय नाही. काळा धूर असेल तरच पुढे या.

## टप्पा ३: कार्बन नेमका कुठे आहे ते डोळ्यांनी बघा

डिझेलमध्ये ईजीआर सिस्टिम जळलेल्या वायूचा काही भाग परत इनटेकमध्ये सोडते, त्याने जळणाचं तापमान उतरतं आणि नायट्रोजन ऑक्साइड कमी होतात. त्या वायूबरोबर काजळी येते. दुसरीकडून क्रँककेसच्या (इंजिनच्या खालच्या, तेलाच्या भागाच्या) ब्रीदर नळीमधून तेलाची वाफ येते. ही दोन जिथे भेटतात तिथे कोरडी काजळी राहत नाही, डांबर होतं. म्हणून सगळ्यात जास्त घाण ईजीआर व्हॉल्व्हच्या तोंडाशी, त्याच्या लगेच पुढे मॅनिफोल्डमध्ये आणि सिलेंडर हेडच्या इनटेक पोर्टमध्ये (हवा सिलेंडरमध्ये शिरते त्या भोकांत) असते. सिलेंडरच्या आत, जिथे आग पेटते, तिथे तुलनेने कमी, कारण तिथलं बरंचसं जळून जातं.

बघायचं कसं: ईजीआर जिथे मॅनिफोल्डला मिळतो त्याच्या अलीकडचा हवेचा पाइप काढा आणि टॉर्च मारा, किंवा मोबाईलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा आत घाला, ऑनलाइन स्वस्तात मिळतो. बोट फिरवल्यावर नुसती काळी धूळ लागली तर सोडून द्या. आतल्या भिंतीवर काळा, चकाकणारा, नखाने दाबला तर खड्डा पडेल असा थर असेल आणि गोल भोक वेडंवाकडं, लहान झालेलं दिसत असेल तर साफ करण्यासारखं काम आहे.

तपासणी: ईजीआरचा संशय पक्का करायचा असेल तर स्कॅनरवरून व्हॉल्व्ह उघड-बंद करून बघा. सांगितलेली जागा आणि खरी जागा यात फरक राहत असेल, किंवा बंद सांगूनही तो थोडा उघडाच राहत असेल, तर अडकलाय. उघडा अडकलेला व्हॉल्व्ह दोन्हीकडून मारतो: टर्बो फिरवायचा वायू मधूनच परत जातो आणि सिलेंडरला ताजी हवा कमी मिळते. काळा धूर आणि मेलेला पिकअप दोन्ही तिथूनच.

## टप्पा ४: पद्धत निवडा, आणि नीट निवडा

हायड्रोजन मशीन. पाण्यापासून हायड्रोजन-ऑक्सिजन वेगळा करून तो एअर इनटेकमधून सोडतात, गाडी आयडलवर अर्धा-पाऊण तास उभी. जरा हिशोब करा. १२४८ सीसीचं इंजिन ८०० आरपीएमवर मिनिटाला ४०० वेळा चारही सिलेंडर भरतं, म्हणजे मिनिटाला सुमारे ५०० लिटर हवा ओढतं. मशीनच्या प्लेटवर मिनिटाला किती लिटर गॅस लिहिलाय ते वाचा आणि तुम्हीच ठरवा. शिवाय तो गॅस जळतो सिलेंडरमध्ये. मॅनिफोल्डमधल्या डांबराशेजारून तो थंडाच निघून जातो. यात फार नुकसान नाही, पण ईजीआर-मॅनिफोल्डच्या घाणीसाठी पैसे वाया. नंतर जो फरक जाणवतो त्यातला बराचसा, सोबत बदललेल्या एअर फिल्टरचा आणि पुसलेल्या एरर कोडचा असतो.

इनटेकमध्ये मारायचा स्प्रे. डिझेलमध्ये घरी करू नका. डिझेल इंजिनला जे जळेल ते इंधन चालतं, जास्त स्प्रे गेला तर इंजिन आपोआप रेस घेतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. आणि मोठा खपला सुटला तर तो व्हॉल्व्हखाली अडकतो किंवा बाहेर पडताना टर्बोच्या टर्बाइनवर आदळतो.

डिझेलमध्ये टाकायचं अ‍ॅडिटिव्ह. इंजेक्टरच्या टोकापर्यंत पोचतं, तिथे थोडा उपयोग होऊ शकतो. इनटेकमध्ये डिझेल जातच नाही, त्यामुळे मॅनिफोल्ड त्याने साफ व्हायचा प्रश्नच नाही.

हायवेवर दाबून चालवणं. फुकट, आणि मशीनपेक्षा मी याला जास्त मार्क देईन. गाडी पूर्ण गरम झाल्यावर स्पीड लिमिट पाळून, एक गियर खाली ठेवून २५०० ते ३००० आरपीएमवर वीस-पंचवीस मिनिटं, मध्ये एखादा घाट असेल तर उत्तम. एक्झॉस्ट गरम होतो, टर्बोच्या पात्यांवरची आणि सायलेन्सरमधली कोरडी काजळी बरीच निघते. इनटेकमधलं डांबर मात्र निघत नाही. टप्पा २ झाल्यावरच हे करा, ऑइल-कूलंट कमी असलेल्या गाडीवर नको.

खोलून हाताने साफ करणं. ईजीआर आणि मॅनिफोल्डसाठी खरा उपाय हाच. वेळखाऊ आहे, मजुरी लागते, आणि बहुतेक ठिकाणी मेनूकार्डावर नसतो कारण त्यात मेकॅनिकचा एक-दीड दिवस जातो.

## टप्पा ५: खोलण्याआधीची तयारी

काम मेकॅनिक करणार असला तरी ही यादी तुम्ही हातात ठेवा.

१. मॅनिफोल्डचं पॅकिंग, ईजीआरची पॅकिंग, ओ-रिंगा आधी आणून ठेवा. जुनं पॅकिंग सिलिकॉन फासून परत बसवायचा जुगाड इथेच होतो आणि मग हवा गळते. गाडी खोलून पडली आणि पार्ट चार दिवसांनी येणार, यात कोणाचंच भलं नाही.

२. इंजिन पूर्ण थंड. ईजीआर कूलरमधून कूलंट फिरतो, गरम असताना पाइप काढला तर हात भाजेल. कूलंट काढायला स्वच्छ भांडं आणि परत भरायला नवा कूलंट.

३. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

४. प्रत्येक होज, वायर, ब्रॅकेट काढायच्या आधी फोटो. बोल्ट लांबीने वेगवेगळे असतात, पुठ्ठ्यावर आकृती काढून त्यातच खोचून ठेवले की परत बसवताना गोंधळ होत नाही.

५. रॉकेल किंवा डिझेल, कार्ब क्लीनर, नायलॉनचे ब्रश, लाकडी किंवा प्लास्टिकची पट्टी, सुतं न सोडणारं कापड, व्हॅक्यूम क्लीनर, हातमोजे, चष्मा. एमएएफ सेन्सरसाठी वेगळा एमएएफ क्लीनर.

इशारा: काही इंजिनांत मॅनिफोल्ड काढायला इंजेक्टरचे हाय प्रेशर पाइप सोडावे लागतात. कॉमन रेलमध्ये, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, हजार बारपेक्षा जास्त प्रेशर असतं, ते बारीक फवाऱ्यानेसुद्धा कातडीतून आत घुसतं. चालू इंजिनवर तो नट कधीच सैल करायचा नाही, बंद केल्यावरही प्रेशर उतरू द्यायचं, आणि उघडी तोंडं लगेच झाकायची, कारण तिथे गेलेला धुळीचा कण इंजेक्टर खातो. तुमच्या गाडीत असं असेल तर हे काम घरच्या पार्किंगमधलं नाही.

## टप्पा ६: ईजीआर, मॅनिफोल्ड, पोर्ट, याच क्रमाने

ईजीआर व्हॉल्व्ह. मोटर किंवा इलेक्ट्रिक कनेक्टरची बाजू वर ठेवून फक्त धातूचा भाग भिजवा. आख्खा व्हॉल्व्ह डब्यात बुडवला की मोटर गेलीच. तासाभराने थर मऊ होतो, मग पट्टीने खरवडा, ब्रश मारा. झडप जिथे टेकते ती कड नीट बघा, तिथे तांदळाच्या कणीएवढा कार्बन राहिला तरी व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही आणि सगळी मेहनत पाण्यात. स्क्रू ड्रायव्हरने झडप जोरात ढकलू नका, आत प्लास्टिकचे गियर असू शकतात.

मॅनिफोल्ड. रात्रभर रॉकेलमध्ये भिजत घाला. सकाळी वरचा थर पट्टीने जाड गोळ्यांत निघतो, वाकणातला भाग ब्रशने. आत स्वर्ल फ्लॅप (हवेला घुमवणाऱ्या छोट्या झडपा) असतील तर ते हाताने हलके फिरतात का बघा. शेवटी साबणाच्या गरम पाण्याने धुवा आणि पूर्ण, म्हणजे पूर्ण, वाळवा.

इशारा: कॉस्टिक सोड्यात उकळायचं नाही. लोखंडी पार्ट असे साफ करतात म्हणून काही गॅरेजवाले मॅनिफोल्डही त्यात टाकतात. अ‍ॅल्युमिनियम कॉस्टिकमध्ये विरघळतं, वर हायड्रोजन सुटतो, पार्ट खडबडीत होतो आणि बसायची सपाट बाजू खराब होते. ओव्हन साफ करायच्या फोममध्येही बऱ्याचदा कॉस्टिकच असतं. डबा वाचा.

हेडचे पोर्ट. सगळ्यात जोखमीची जागा. चार सिलेंडरपैकी कुठला ना कुठला इनटेक व्हॉल्व्ह उघडा असतोच, त्या पोर्टमध्ये खरवडलं तर खपली थेट पिस्टनवर. एका वेळी ज्यांचे व्हॉल्व्ह बंद आहेत तेवढेच पोर्ट घ्या, बाकीच्यांत कापड कोंबा, व्हॅक्यूमची नळी शेजारी धरून खरवडा. मग क्रँकच्या बोल्टवर पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच हाताने फिरवा आणि पुढचे पोर्ट. कोंबलेली कापडं मोजून घाला, मोजून काढा.

इंटरकूलर आणि होज. आत तेल साचलं असेल तर रॉकेलने खळखळून काढा, मग उलटा टांगून वाळू द्या. रॉकेल किंवा तेल आत राहिलं आणि इंजिन चालू केलं तर तेच इंधन म्हणून ओढलं जाईल.

सेन्सर. एमएपीच्या टोकावरची काजळी क्लीनरने भिजवून जाऊ द्या, आत पिन घालायची नाही. एमएएफच्या तारेला बोटही लावू नका, कार्ब क्लीनर तर अजिबात नाही, फक्त एमएएफ क्लीनर, आणि वाळल्यावरच बसवा.

## टप्पा ७: टर्बो

साध्या वेस्टगेटच्या (जास्तीचा वायू बाजूने सोडणाऱ्या झडपेच्या) टर्बोत कार्बनने फारसं बिघडत नाही. व्हेरिएबल जिऑमेट्रीवाल्यात, म्हणजे स्कॉर्पिओ एमहॉक किंवा ९० पीएसच्या १.३ मध्ये, आतल्या पात्या फिरणाऱ्या असतात, त्या काजळीने जाम होतात. लक्षण ठरावीक: खालच्या आरपीएमला मेलेली, किंवा जोरात दाबल्यावर अचानक लिम्प मोड आणि बंद-चालू केल्यावर परत ठीक.

व्हॅक्यूमचा अ‍ॅक्च्युएटर असेल तर थंड इंजिनवर व्हॅक्यूमचा हातपंप लावून रॉड बघा. पंप मारत गेलं की रॉड एकसारखा सरकायला हवा, सोडल्यावर एकसारखा परत यायला हवा, आणि पंप थांबवला की जागच्या जागी टिकायला हवा. मध्येच थबकून मग टुणकन उडी मारत असेल तर पात्या अडकतायत. टिकत नसेल तर अ‍ॅक्च्युएटरचा पडदा फाटलाय, त्याचा कार्बनशी संबंध नाही.

शाफ्टला बोटाने हलवा. बाजूला किंचित हलणं चालतं, पंखा घराला घासता कामा नये. आत-बाहेर हालचाल जाणवली तर टर्बो रिपेअरलाच.

हलकं अडकत असेल तर आधी हायवेचा उपाय एक-दोन वेळा करून परत पंप लावून बघा. नाहीच सुटलं तर टर्बोचं काम करणाऱ्या माणसाकडे. तो गरम बाजूचं घर उघडून पात्यांची रिंग साफ करतो. मधला कार्ट्रिज उघडायचा नाही, त्याचं बॅलन्सिंग असतं, आणि तो छोटा स्टॉप स्क्रू कोणालाही "जरा बूस्ट वाढवतो" म्हणून फिरवू देऊ नका.

## टप्पा ८: जोडणी आणि पहिला स्टार्ट

नवी पॅकिंग, दोन्ही बाजू कोरड्या आणि सपाट, बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने थोडे थोडे, टॉर्क रेंच असेल तर उत्तम. कूलंट भरून हवा काढा. फ्युएल लाइन उघडली असेल तर डिझेल प्राइम करा.

पहिल्या स्टार्टला रेस द्यायची नाही. दोन-तीन मिनिटं आयडल, थोडा धूर येईल, मग जाईल. इंजिन स्वतःहून रेस घ्यायला लागलं आणि चावीने बंद होईना, तर मॅन्युअल गाडीत ब्रेक पूर्ण दाबून वरचा गियर टाका आणि क्लच सोडून बंद पाडा. इनटेकच्या तोंडाला हात लावायचा नाही.

इंजिन बंद करून थंड झाल्यावर स्कॅनरने ईजीआरची नवी बंद जागा शिकवून घ्या, ज्या गाडीत ती सोय आहे तिथे. ही पायरी गाळली की साफ व्हॉल्व्हला ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जुन्या घाणीच्या हिशोबाने चालवतो आणि गाडी झटके देते, मग "साफ केल्यापासून बिघडली" अशी तक्रार. त्यानंतर कोड पुसा, शे-दोनशे किलोमीटर चालवा, परत वाचा. इंजिन ऑइल लगेच बदला.

जाताजाता, याच वेळी "इंजिन फ्लशपण करून टाकू का" असं विचारतील. लाखाच्या वर चाललेल्या, आतून गाळ धरलेल्या इंजिनात नको. सुटलेला गाळ ऑइल पंपाच्या जाळीवर बसला तर आधी टर्बोचं तेल तुटतं. त्याऐवजी पुढचे दोन ऑइल चेंज ५,००० किलोमीटरला करा.

## टप्पा ९: परत मोजा

तोच रस्ता, तोच गियर, तेवढीच माणसं. ५० ते ९० चे सेकंद, पीयूसीचा आकडा, मागितलेलं आणि मिळालेलं बूस्ट. अ‍ॅव्हरेजसाठी दोन टाक्या जाऊ द्या. तुलना गाडीच्या आधीच्या आकड्यांशीच करायची, शेजाऱ्याच्या नव्या गाडीशी नाही.

काळा धूर गेला, बूस्ट जुळलं, पण सेकंद तेवढेच राहिले तर इंजेक्टरची रिटर्न टेस्ट (प्रत्येकातून किती डिझेल परत जातं ते), कम्प्रेशन आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं बॅकप्रेशर या क्रमाने बघा. काहीच बदललं नाही तर टप्पा २ मध्ये काहीतरी सुटलंय, बहुतेक वेळा होज.

ईजीआरला पत्र्याची प्लेट लावून कायमचा बंद करायचा सल्ला या टप्प्यावर हमखास मिळतो. तपासणीपुरती तात्पुरती प्लेट वेगळी गोष्ट. कायम लावली तर नायट्रोजन ऑक्साइड वाढतात, बऱ्याच बीएस४ गाड्यांत चेक इंजिन लाइट पेटते, आणि काही गाड्या स्वतःहून पॉवर कमी करतात, म्हणजे ज्यासाठी केलं तेच गेलं.

## टर्बो पेट्रोल असेल तर

आधी तुमचं इंजेक्शन कुठलं ते बघा. नेक्सॉनच्या १.२ रेव्होट्रॉनमध्ये पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये फवारलं जातं, ते व्हॉल्व्ह धूत राहतं, तिथे व्हॉल्व्हवर कार्बन सहसा डोकेदुखी होत नाही. पोलो जीटीचं १.२ टीएसआय, इकोस्पोर्टचं १.० इकोबूस्ट यांत पेट्रोल थेट सिलेंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीला ते लागतच नाही, आणि ब्रीदरमधल्या तेलाच्या वाफेचा थर तिथे भाजून घट्ट बसतो. लक्षणं: सकाळच्या स्टार्टला झटके, आयडल हलणारा, पी०३०० ते पी०३०४ पर्यंतचे मिसफायरचे कोड.

क्रम: आधी स्पार्क प्लग आणि कॉइल, मग ब्रीदरचा पीसीव्ही व्हॉल्व्ह, मग होज, आणि त्यानंतरच मॅनिफोल्ड काढून व्हॉल्व्ह. पेट्रोलमध्ये टाकायची बाटली इथे निरुपयोगी, कारण ते पेट्रोल तिथून जातच नाही. चांगला उपाय अक्रोडाच्या कवचाचा भुगा हवेने मारून व्हॉल्व्ह घासणं, एका वेळी बंद व्हॉल्व्हच्याच पोर्टमध्ये, सोबत व्हॅक्यूम लावून. भुगा व्हॉल्व्हच्या धातूला ओरखडे पाडत नाही. पण हे मोजक्याच स्पेशालिस्ट वर्कशॉपमध्ये होतं, म्हणून आधी विचारा की भुगा मारताना व्हॉल्व्ह बंद आहेत हे ते कसं बघतात आणि आधी-नंतरचे फोटो देतात का. दोन्हीची उत्तरं नीट आली नाहीत तर गाडी देऊ नका. काम झाल्यावर थ्रॉटल अ‍ॅडॅप्टेशन करून घ्या.

## साफ झाल्यावर पुढे काय

गाडी रोज तीन-चार किलोमीटरच चालत असेल तर इंजिन गरमच होत नाही, आठवड्यातून एकदा तरी मोकळ्या रस्त्यावर काढा. चाळीसच्या स्पीडला पाचवा गियर टाकून इंजिन घुसमटवू नका, अ‍ॅव्हरेजच्या नादात हे फार होतं. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या ग्रेडचंच. आणि ईजीआरच्या अलीकडचा तो पाइप दर दुसऱ्या सर्व्हिसला काढून आत टॉर्च मारायला सांगा, दहा मिनिटांचं काम आहे. आत नुसती काळी धूळ दिसली तर पाइप परत लावा आणि पॅकेजला नाही म्हणा.